हलाल प्रमाणपत्र : नाशिकच्या शेतकरी गटांनी आणि लघुउद्योजकांनी ते कसं मिळवायचं

द्राक्ष, कांदा, टोमॅटो, डाळिंब ताजंच विकत असाल तर हलाल प्रमाणपत्रावर एक रुपयाही घालवू नका. शेतात पिकलेली, प्रक्रिया न झालेली फळं आणि भाजीपाला मुळातच हलाल, म्हणजे इस्लामी नियमांप्रमाणे खायला चालणारा, असतो. दुबईचा किंवा दोह्याचा आयातदार द्राक्षाच्या पेटीसाठी फायटोसॅनिटरी (मालावर कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र, रेसिड्यूचा म्हणजे फवारणीच्या अंशाचा अहवाल, पॅकहाऊसचे कागद मागतो. कोणी एजंट गावात येऊन ‘हलालशिवाय माल गल्फला जातच नाही’ असं सांगत असेल, तर त्याच्याकडे खरेदीदाराचं लेखी पत्र मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

प्रमाणपत्राचा प्रश्न प्रक्रियेपासून सुरू होतो. दिंडोरी-निफाडकडचा बेदाणा, वाळवलेला कांदा आणि त्याची पावडर, मसाले, चिवडा, लोणचं, मालेगावच्या बेकऱ्यांची नानखटाई आणि टोस्ट, आणि अर्थातच शेळी-कोंबडीचं मांस. या सगळ्यात एकट्या शेतकऱ्याला किंवा घरगुती उद्योगाला प्रमाणपत्र परवडत नाही आणि सांभाळताही येत नाही. गटाला दोन्ही जमतं. म्हणून हे मार्गदर्शन शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट आणि चार-सहा जणांनी मिळून चालवलेल्या युनिटसाठी आहे.

आधी खरेदीदार, मग प्रमाणपत्र

भारतात हलाल प्रमाणपत्र सरकार देत नाही, खासगी संस्था आणि ट्रस्ट देतात. जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, जमियत उलमा हलाल फाउंडेशन, हलाल इंडिया ही त्यांतली जुनी नावं. यांपैकी कोणाचं प्रमाणपत्र चालेल हे तुमचा माल कुठे जाणार यावर ठरतं. मलेशियात जाकिम, इंडोनेशियात बीपीजेपीएच, सौदी अरेबियात एसएफडीएचं हलाल सेंटर असे प्रत्येक देशाचे सरकारी विभाग आहेत, आणि ते आपापल्या यादीतल्या परदेशी संस्थांचीच प्रमाणपत्रं मानतात. एका देशाच्या यादीत असलेली संस्था दुसऱ्याच्या यादीत असेलच असं नाही. इंडोनेशियाने १७ ऑक्टोबर २०२४ पासून खाद्यपदार्थांना हलालची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, त्यामुळे तिकडच्या मालासाठी हा मुद्दा आणखी महत्त्वाचा.

मांस आणि मांसपदार्थांचा नियम वेगळा आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२४ पासून ठरवलं आहे की संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया, इंडोनेशिया अशा १५ देशांत ‘हलाल’ म्हणून मांस पाठवायचं असेल, तर ते भारतीय गुणवत्ता परिषदेच्या आय-कॅस हलाल या प्रमाणन योजनेखाली प्रमाणित झालेल्या जागेतच तयार आणि पॅक व्हायला हवं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे एनएबीसीबीची, म्हणजे प्रमाणपत्र संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यताही हवी. ही मान्यता नसलेल्या संस्थेचा मांसासाठीचा कागद बंदरावर कामाचा नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे खरेदीदाराला चार ओळींचा ईमेल. कोणत्या देशात माल उतरणार, कोणत्या मानकाप्रमाणे प्रमाणपत्र हवं, कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रं तुम्ही याआधी स्वीकारली आहेत, आणि प्रमाणपत्र युनिटचं हवं की प्रत्येक खेपेचं. उत्तर लेखी घ्या. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. काही आयातदारांना युनिटच्या वार्षिक प्रमाणपत्राशिवाय प्रत्येक कंटेनरमागे वेगळं खेप-प्रमाणपत्र लागतं आणि त्याची फी वेगळी असते. ती धरली नसेल तर पहिल्याच ऑर्डरचा नफा त्यात जातो.

खरेदीदार फक्त नाशिक-मालेगावचाच असेल, म्हणजे जुन्या नाशकातला दुकानदार, एखादं केटरिंग, स्थानिक हॉटेल, तर मोठ्या प्रमाणपत्राची बहुधा गरज नसते. तिथे मोहल्ल्याचा विश्वास आणि कापणाऱ्या माणसाची ओळख चालते. तो विश्वास कागदोपत्री नीट ठेवला की पुढे निर्यातीच्या वेळी अर्धी तयारी झालेली असते.

गट कसा बांधायचा

ऑडिटची, म्हणजे प्रमाणपत्र संस्थेने जागेवर येऊन केलेल्या तपासणीची, फी साधारणपणे जागेप्रमाणे आणि ऑडिटच्या दिवसांप्रमाणे आकारली जाते. दहा जणांची दहा शेडं म्हणजे ऑडिटरच्या दृष्टीने दहा जागा. प्रतवारी, धुणं, दळणं, पॅकिंग एका सामाईक ठिकाणी आणलं की मुख्य जागा एकच उरते. गट करण्याचं खरं आर्थिक कारण हेच आहे. दर मागताना फोड करून मागा : अर्जाची फी, ऑडिटच्या एका दिवसाची फी, ऑडिटरचा प्रवास-मुक्काम, प्रत्येक उत्पादनामागे किंवा लेबलमागे काही आहे का, वर्षातली पाहणी-भेट, नूतनीकरण, प्रयोगशाळा तपासणी. एकच ‘पॅकेज’ रक्कम सांगणाऱ्याकडून ही फोड घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

कायदेशीर रूप निवडताना फार वेळ घालवू नका. उत्पादक कंपनीला किमान १० उत्पादक सभासद आणि किमान ५ संचालक लागतात. महिला बचत गट असेल तर माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या प्रभाग संघामार्फत काम सुरू करता येतं. भागीदारी असली तरी चालते. प्रमाणपत्र ज्याच्या नावावर, त्याच्याच नावावर अन्न परवाना, उद्यम नोंदणी, वीजबिल किंवा जागेचा भाडेकरार आणि जीएसटी जुळला पाहिजे. अर्जात नाव गटाचं आणि परवाना अध्यक्षांच्या घरच्या नावावर, एवढ्यावरून अर्ज परत येतात. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

गटात दोन माणसं नेमा. एक हलाल जबाबदार व्यक्ती, जी कच्च्या मालाची वही सांभाळते आणि नवा कच्चा माल आत येऊ द्यायचा की नाही हे ठरवते. दुसरी तिची पर्यायी, कारण पहिली लग्नाला गेली की त्याच दिवशी बेदाण्याची द्राक्षं बुडवायच्या डिपिंग ऑइलचा वेगळाच कॅन उतरतो. खरेदी करणाराच जबाबदार व्यक्ती असू नये. स्वस्त माल दिसला की त्याला स्वतःलाच नाही म्हणावं लागतं, आणि ते कठीण जातं.

मालकाचा धर्म मांसाशिवायच्या युनिटमध्ये सहसा आड येत नाही. मोहाडीच्या शेडमध्ये बेदाणा करणारा मराठा शेतकरी आणि मालेगावचा मोमीन बेकरीवाला एकाच गटात राहून एकाच प्रमाणपत्राखाली माल देऊ शकतात. मांसाच्या युनिटमध्ये जनावर कापणारा माणूस मात्र मुस्लिम आणि ते काम शिकलेला हवा.

जमातीच्या कमिट्या, मशिदींचे ट्रस्ट, बैतुलमाल (समाजाचा मदतनिधी) यांची मदत तीन ठिकाणी खरी उपयोगी पडते. कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी उसनं भांडवल, विशेषतः पहिल्या ऑडिटच्या फीसाठी. रमजानआधी मोहल्ल्यातल्या दुकानदारांच्या ऑर्डर एकत्र करून देणं. आणि प्रशिक्षित कापणारे मिळवून देणं. स्थानिक मुफ्तींचं पत्र मात्र निर्यातीसाठी प्रमाणपत्राची जागा घेत नाही. ते घेऊन न्हावा-शेवा बंदरात गेलात तर माल अडकेल. कमिटीतल्या लोकांनाही हे आधीच स्पष्ट सांगून ठेवा, म्हणजे नंतर मन दुखत नाही.

कच्च्या मालाची वही

ऑडिटर शेवटी तीनच गोष्टी तपासतो. आत काय गेलं, त्याला कशाचा स्पर्श झाला, आणि हे कशावरून. डुकराचा कोणताही भाग, रक्त, मेलेलं किंवा हलाल पद्धतीने न कापलेलं जनावर, आणि मद्य, यांपैकी काहीही थेट किंवा घटकांच्या आडून आलेलं नसावं. उघडपणे ते कोणीच घालत नाही. अडचण होते ती आडून आलेल्या घटकांमुळे.

वहीत प्रत्येक वस्तूला एक ओळ : वस्तू आणि ब्रँड, प्रत्यक्ष उत्पादक (विकणारा दुकानदार नाही), घटक आणि त्याचा आयएनएस क्रमांक (अन्नात घालायच्या पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), घटकाचा स्रोत (वनस्पती, प्राणी, खनिज, किण्वन), कोणता कागद हाताशी आहे, त्याची मुदत, बॅच क्रमांक आणि आल्याची तारीख. मीठ, पाणी, पिशवी, मशीनचं ग्रीस, भांडी धुण्याचा साबण यांनाही ओळ लागते.

हिरवा ठिपका इथे खूप मदत करतो. आपल्याकडचा शाकाहारी खुणेचा नियम प्राणिजन्य घटकांना अडवतो, म्हणून हिरवा ठिपका असलेल्या घटकात जिलेटिन किंवा कोचिनील रंग नसावा. पण मद्यार्काबद्दल हिरवा ठिपका काहीच सांगत नाही. व्हॅनिला, गुलाब, केवड्याचे इसेन्स शाकाहारी असूनही अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असू शकतात. दुसरं म्हणजे डिपिंग ऑइल, मशीनचं ग्रीस, पीठ चिकटू नये म्हणून वापरलेली पावडर, अशा लेबलवर न येणाऱ्या मदतनीस वस्तूंवर ठिपका नसतोच. तेव्हा ठिपका पाहून निम्मी वही भरा, उरलेल्या निम्म्यासाठी उत्पादकाचं पत्र मागा.

बेदाण्याचं उदाहरण नीट पाहू, कारण जिल्ह्यात सगळ्यात जास्त चूक इथे होते. शेडवर १०० लिटर पाण्यात साधारण अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर इथाइल ओलिएट, म्हणजे आपलं डिपिंग ऑइल, मिसळतात. त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवून रॅकवर टाकतात. सालीवरचा मेणचट थर मोकळा होतो आणि १२ ते १५ दिवसांत माल १५-१६ टक्के ओलाव्यावर येतो. कार्बोनेट खनिज आहे, त्याची काळजी नाही. इथाइल ओलिएट मात्र ओलेइक आम्लापासून बनतं, आणि ओलेइक आम्ल पामतेलापासूनही काढतात, जनावराच्या चरबीपासूनही. कॅनवर ते लिहिलेलं नसतं. म्हणून उत्पादकाच्या लेटरहेडवर ‘ओलेइक आम्ल वनस्पतीजन्य’ असं पत्र घ्या, आणि पत्रात ज्या उत्पादनाचं नाव आहे तेच नाव कॅनवर आहे याची खात्री करा.

गडबड फेब्रुवारी-मार्चच्या ऐन हंगामात होते. ठरलेला ब्रँड संपतो, दुकानदार ‘सेम आहे’ म्हणत दुसरा कॅन देतो, शेतकऱ्याची द्राक्षं तोडून झालेली असतात आणि तो थांबू शकत नाही. यावर उपाय एकच : डिपिंग ऑइल गटाने जानेवारीतच एकत्र विकत घ्यायचं, गटाच्या गोदामात ठेवायचं आणि प्रत्येक सभासदाला बॅच क्रमांकासह पावतीवर द्यायचं. एकरी किती द्राक्षं बेदाण्याला जाणार याचा अंदाज डिसेंबरमध्ये प्रत्येकाकडून घ्या आणि त्यावर १५ टक्के जादा साठा धरा. सभासदांच्या दहा वेगवेगळ्या शेडांवर डिपिंग होत असेल तरी ऑइल एकाच ठिकाणाहून गेलेलं असलं, की ऑडिटर नमुन्यादाखल दोन-तीन शेडं पाहून समाधानी होऊ शकतो.

बेदाण्याला चकाकीसाठी शेवटी तेलाचा हात फिरवतात. ते साधं शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल असू द्या, बिल ठेवा. गंधकाची धुरी हलालच्या दृष्टीने अडचणीची नाही, पण सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण आयातदार तपासतो, म्हणून त्याचा प्रयोगशाळा अहवाल फाइलमध्ये हवा.

आता मालाचा ताळेबंद. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. नोंदीत ४० टन द्राक्षं आत आली आणि १५ टन बेदाणा बाहेर गेला असं दिसलं, तर पाच टन माल बाहेरून आणून मिसळला असा अर्थ निघतो. तो माल चांगला असला तरी त्याचे कागद नाहीत, म्हणून संपूर्ण लॉट अडतो. वाळवलेल्या कांद्यालाही हाच नियम, तिथे कांद्याच्या जातीप्रमाणे आठ ते दहा किलोला एक किलो धरा. दर शनिवारी हा हिशेब जुळवा. हंगाम संपल्यावर जुळवायला बसलात तर काटापावत्या सापडत नाहीत.

कांदा-लसूण पावडरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही जण अँटिकेकिंग पावडर घालतात. आयएनएस ५५१ म्हणजे सिलिका खनिज आहे, ती निर्धोक. आयएनएस ४७० आणि ५७२ हे स्टिअरेट चरबीतूनही येतात, त्यांचं पत्र लागेल. शक्य असेल तर ते टाळाच. ओलावा नीट उतरवून हवाबंद पिशवीत भरलेल्या पावडरला त्यांची गरज क्वचितच पडते.

चिवडा आणि तयार मसाल्यात आयएनएस ६२७, ६३१ आणि ६३५ बघा. हे चव वाढवणारे घटक किण्वनाने बनतात, तसेच मांस किंवा माशांपासूनही. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात ते नसतात. पण बाजारातून आणलेल्या तयार ‘सीझनिंग’च्या पुड्यात असतात, आणि बचत गट तो पुडा घटक न वाचताच वापरतात.

बेकरीत घटक सगळ्यात जास्त, म्हणून धोकाही जास्त. बेकरी शॉर्टनिंग आणि केक जेलमधलं आयएनएस ४७१ आणि ४७२ई, पावाच्या इम्प्रूव्हरमधलं एल-सिस्टीन म्हणजे आयएनएस ९२०, केकवरच्या गोळ्यांतला लाल कोचिनील आयएनएस १२० आणि चमकीसाठी जिलेटिन. शिवाय अंडं किंवा दूध लावायचा ब्रश. नैसर्गिक केसांचा ब्रश डुकराच्या राठ केसांचा असू शकतो. तो फेकून सिलिकॉनचा आणा. किमतीत फरक किरकोळ आहे आणि ऑडिटमधला एक मोठा प्रश्न मिटतो.

अल्कोहोलच्या प्रमाणाबाबत देशादेशांत मर्यादा वेगळ्या आहेत. इसेन्समध्ये अल्कोहोल असेल तर प्रमाणपत्र संस्थेला लेखी विचारा आणि शक्यतो प्रोपिलिन ग्लायकॉल किंवा तेलात केलेला इसेन्स घ्या. ग्लिसरिनमधला असेल तर ग्लिसरिन वनस्पतीजन्य असल्याचं पत्र हवं.

जागा, क्रेट, गाडी

नाशिकला वायनरी आहेत, त्यामुळे इथे एक खास प्रश्न येतो. वायनरीला द्राक्षं देऊन परत आलेले क्रेट आणि ड्रम बेदाण्याच्या किंवा ज्यूसच्या युनिटमध्ये वापरू नका. त्यांना आंबलेल्या रसाचा किंवा वाइनचा अंश लागलेला असू शकतो. क्रेटना रंग ठरवा, समजा हलाल युनिटसाठी फक्त निळे, आणि गेटवर दुसऱ्या रंगाचा क्रेट आत सोडायचा नाही. वाइनची टाकी भाड्याने घेऊन त्यात ज्यूस साठवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या, कितीही धुतली तरी बहुतेक संस्था मान्य करत नाहीत.

दळणाची चक्की, भट्टी, तळणीची कढई सामाईक असेल आणि तिथे दुसऱ्यांचाही माल होत असेल, तर आधी धुणं, मग हलाल माल, अशी वेळ लावून घ्या आणि धुण्याची नोंद सहीसह ठेवा. तळणीचं तेल वेगळंच हवं. डुकराच्या मांसाशी कधीही संबंध आलेल्या यंत्राचा प्रश्न वेगळा, मलेशियाच्या पद्धतीत त्याला सात वेळा धुवावं लागतं आणि त्यातलं एक धुणं माती मिसळलेल्या पाण्याचं. भंगारातून किंवा हॉटेलच्या लिलावातून यंत्र घेताना ते आधी कुठे वापरलं होतं हे बिलावर लिहून घ्या.

भाड्याच्या टेम्पोत आदल्या दिवशी काय नेलं होतं हे चालकाला विचारून गेटपासवर लिहा. रेफर (शीतगृहाची) व्हॅन असेल तर आतून धुतल्याची नोंद हवी.

शेळ्या आणि कोंबड्या

शेळीपालकाने गोठ्याला हलाल प्रमाणपत्र घ्यायचं नसतं, ते कत्तलखान्याला आणि मांस प्रक्रिया युनिटला लागतं. पालकाने द्यायचे असतात ते नोंदींचे कागद : १२ अंकी कानातला बिल्ला, पीपीआर (शेळ्यांचा प्लेग), आंत्रविषार आणि लाळ्या-खुरकूत लसीच्या तारखा, औषध दिल्याची तारीख आणि त्या औषधाचा वर्ज्य काळ (औषधानंतर मांस वापरायचं नाही तो काळ) संपल्याची खात्री, खाद्याची बिलं. खाद्यात प्राणिजन्य मिश्रण नसल्याचं पत्र खाद्य कंपनीकडून एकदा मागून ठेवा. ब्रॉयलरवाले बहुधा कंत्राटी कंपनीचं खाद्य वापरतात, तिथे पत्र कंपनीकडेच असतं, फक्त प्रत मिळवायची.

कत्तलीचा कायदा आधी, हलाल त्यानंतर. कत्तलखाना परवानाधारक हवा आणि पशुवैद्यकाची कापण्यापूर्वीची तपासणी हवी. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे गाभण, तीन महिन्यांखालचं, किंवा तीन महिन्यांखालचं पिल्लू असलेलं जनावर कापता येत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, तेव्हा त्या वाटेला कोणत्याही कागदाने जाता येत नाही.

हलाल पद्धतीत प्रत्येक जनावरावर स्वतंत्रपणे अल्लाहचं नाव घेऊन, धारदार सुरीने, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका हालचालीत कापल्या जातात. मुंडकं लगेच वेगळं करत नाहीत. कोंबडीच्या युनिटमध्ये चुका ठरावीक असतात. सुरी बोथट झाल्याने कापणी अर्धवट होते, म्हणून कापणाऱ्याजवळ दोन सुऱ्या आणि दगड हवा. रक्त पूर्ण निथळण्याआधी पक्षी गरम पाण्यात जातो आणि बुडताना जिवंत असण्याचा धोका राहतो, म्हणून कापल्यापासून गरम पाण्यापर्यंत किमान तीन मिनिटं ठेवा आणि भिंतीवर घड्याळ लावा. प्रवासात मेलेले पक्षी ढिगात मिसळतात, म्हणून पिंजरा उतरवतानाच मोजून वेगळे काढा आणि विल्हेवाटीची नोंद करा. रात्री निघण्यापूर्वी खाद्य ८ ते १२ तास बंद, पाणी चालू. पोट भरलेला पक्षी आतडं फुटून मांस खराब करतो. कापण्यापूर्वी जनावर बधिर करण्याला काही देश परवानगी देतात, काही देत नाहीत. हे खरेदीदाराकडूनच ठरवून घ्या.

बकरी ईदचा बाजार छोट्या शेळीपालकासाठी वर्षातला सगळ्यात मोठा, आणि त्याला प्रमाणपत्र लागत नाही. नियोजन मात्र लागतं. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. कुर्बानीचा बोकड चांद्र वर्षाने किमान एक वर्षाचा हवा, आणि गिऱ्हाईक दात बघूनच घेतं. थोडी सुरक्षित मोजणी म्हणजे ईदच्या १४ महिने आधी जन्मलेलं करडू. शेळीचा गाभणकाळ पाच महिने, म्हणजे शेळी भरवायची ती ईदच्या सुमारे १९ महिने आधी. आंधळा, लंगडा, कान मोठा फाटलेला बोकड कुर्बानीला चालत नाही. म्हणून कानातला बिल्ला कडेला न टोचता मध्ये, शिरा चुकवून टोचा. कडेचा बिल्ला कुंपणात अडकून कान फाटतो आणि सगळ्यात चांगला संगमनेरी बोकड कुर्बानीच्या बाजारातून बाद होतो. गटाने एकत्र वजनकाटा ठेवून जिवंत वजनावर विकलं तर अंदाजाने बोली लावणाऱ्या व्यापाऱ्यापुढे हात बांधले जात नाहीत.

अर्ज आणि ऑडिट

अर्जाबरोबर अन्न परवाना किंवा नोंदणी, उद्यम, नाव जुळणारा जागेचा पुरावा, जागेचा हाताने काढलेला तरी प्रमाणशीर नकाशा, प्रक्रियेचा क्रम, उत्पादनांची आणि कच्च्या मालाची यादी, उत्पादकांची पत्रं, पाणी तपासणीचा अहवाल, आणि लेबलचे नमुने द्यावे लागतात. निर्यात स्वतःच्या नावाने असेल तर आयात-निर्यात कोड आणि अपेडाची (कृषी निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाची) नोंदणीही. तयारी नव्याने करणाऱ्या गटाने दोन-तीन महिने धरावेत.

ऑडिटर चालू युनिट पाहतो. बंद शेड पाहून प्रमाणपत्र देत नाहीत. बेदाण्याचं काम फेब्रुवारी ते एप्रिल चालतं, म्हणून अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेला पाहिजे. मार्चमध्ये अर्ज केला तर ऑडिटची तारीख मिळेपर्यंत रॅक रिकामे झालेले असतात आणि वर्ष जातं.

ऑडिटच्या आठवडाभर आधी स्वतःच एक चाचणी घ्या. गोदामातून डोळे मिटून एक पाकीट उचला. त्यावरच्या बॅच क्रमांकावरून दोन तासांच्या आत कोणत्या सभासदाचा माल, कोणत्या तारखेचं डिपिंग, कोणत्या कॅनचं ऑइल, उरलेली पाकिटं कुठे गेली, हे सगळं कागदावर काढता आलं पाहिजे. बॅच क्रमांक साधा ठेवा : तारीख, सभासद क्रमांक, शेड क्रमांक. ०३०३-१७-२ म्हणजे तीन मार्च, सतरा नंबरचा सभासद, दुसरी शेड.

ऑडिटर कामगारांशी बोलतो. ‘नवा कॅन आला तर काय करता?’ या प्रश्नाला कामावरच्या बाईंनी ‘ताईंना (म्हणजे हलाल जबाबदार व्यक्तीला) विचारल्याशिवाय उघडत नाही’ असं उत्तर दिलं, तर तुमचं प्रशिक्षण झालेलं आहे. प्रशिक्षण मराठीत, आदिवासी पाड्यांतून येणाऱ्या मजुरांसाठी गरजेप्रमाणे त्यांच्या बोलीत, हजेरीच्या सह्यांसह घ्या.

त्रुटी निघाल्या तर घाबरू नका, पहिल्या ऑडिटला त्या निघतातच. दुरुस्तीला मुदत मिळते. प्रत्येक त्रुटीचं कारण, केलेली दुरुस्ती आणि फोटो एकत्र पाठवा. ‘पुढे काळजी घेऊ’ असं लिहिलेलं उत्तर परत येतं.

लेबल

बोधचिन्ह फक्त प्रमाणपत्राच्या यादीत नाव असलेल्या उत्पादनांवर, संस्थेने मान्य केलेल्या आराखड्यानुसार. एका मसाल्याचं प्रमाणपत्र घेऊन पाचही पुड्यांवर छाप मारली, तर प्रमाणपत्र रद्द होतं आणि दिशाभूल करणाऱ्या दाव्याबद्दल अन्न कायद्याखालीही अडचण येते. पिशव्या एका वर्षाच्या वापराहून जास्त छापू नका. मुदत संपलेल्या प्रमाणपत्राचं चिन्ह असलेल्या पिशव्या फेकाव्या लागतात.

देशांतर्गत आणि निर्यातीच्या पिशव्या वेगळ्या ठेवा. उत्तर प्रदेश सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल प्रमाणित उत्पादनांचं उत्पादन, साठवणूक आणि विक्री यांवर बंदी घातली, निर्यातीला सूट ठेवून. चिन्ह असलेला माल चुकून तिकडच्या व्यापाऱ्याकडे गेला तर जप्ती तुमच्या मालाची होईल. माल तोच, पिशवी साधी, एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

पैसा आणि मदत

प्रमाणपत्राच्या फीपेक्षा जागा नीट करण्याचा खर्च मोठा असतो : टाइल्स, जाळ्या, स्टीलची टेबलं, वेगळी चक्की. यासाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत वैयक्तिक युनिटला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आणि बचत गटाच्या प्रत्येक सभासदाला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद आहे. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत होती, म्हणून अर्जाआधी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात सद्यस्थिती विचारा. बँकेने मंजूर करण्याआधीच यंत्र रोखीने घेऊन टाकलं तर अनुदानाचा मार्ग बंद होतो. कोटेशन, मंजुरी, खरेदी हा क्रम मोडू नका. प्रक्रियेच्या प्रशिक्षणासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.

पहिल्या वर्षी दोनच उत्पादनं प्रमाणपत्रात घाला, ज्यांचा खरेदीदार नक्की आहे अशी. नवा घटक, नवा पुरवठादार, नवं यंत्र किंवा जागेतला बदल संस्थेला बदल करण्याआधी लेखी कळवा आणि उत्तर येईपर्यंत जुन्याच साहित्यावर काम चालू ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधी द्या, आणि ती तारीख अध्यक्षांच्या फोनमध्ये न ठेवता गोदामाच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी लावा.